वस्तादांचा डावा कान

कोल्हापूरला निघालो तेव्हा पुण्यातल्या शेजाऱ्यांनी तीन गोष्टी बजावल्या होत्या: अंबाबाईचं दर्शन घ्या, रंकाळा बघा आणि गुळाची ढेप आणा. टीव्ही अजून तिकडं पोचायचा होता, तेव्हा बघण्यासारखं पुष्कळ असणार, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात माझा सबंध दिवस विजेच्या एका लोखंडी पेटीसमोर गेला.

सकाळी एसटीतून उतरून शिवाजी पेठेत दिनकर या मित्राकडे निघालो आणि चौकाच्या कोपऱ्यावर विजेच्या पेटीपाशी थबकलो. आमच्याकडे अशा पेटीवर कवटी, दोन हाडं आणि होऊन गेलेल्या सभांची पत्रकं असतात. इथं दोन्ही दारं भरून एक पैलवान रंगवलेला होता. भगवा फेटा, पिळदार मिशा, गाल मात्र सिनेमातल्या नायकासारखे गुलाबी. वर ताजा हार.

"हे कुठले महाराज?" मी पानपट्टीवाल्याला विचारलं.

"महाराज न्हाय पावणं, आमच्या तालमीचं गुरू, वस्ताद. जाऊन सा वरसं झाली. जलमात कवा फोटो काढला न्हाय. करीमभाईनं आठवून काढल्यात."

ज्याच्या घरी दार-खिडकीचा रंग उरला, त्यानं तो आणून दिला होता. फेटा कुणाच्या बैलगाडीतून उरलेला, मिशा कुणाच्या सायकलीतून. दर पुण्यतिथीला रंगाचा नवा हात बसे.

"सगळं झ्याक हाय, पर कान चुकला की," पानपट्टीवाला म्हणाला. "डावा कान कुस्तीत मोडून गोळा झालता. ह्यो बघा, हिरोचा बसवलाय."

करीमभाई शेजारीच चहा पीत होते. आयुष्यभर सिनेमाचे बोर्ड रंगवलेला माणूस. "चौकात उभं करायचं मानूस," ते शांतपणे म्हणाले, "कान धड नको व्हय?"

दिनकरकडं हातपाय धुतले आणि वीज गेली. पिठाची गिरणी थांबली, म्हणजे ज्वारीचं दळण थांबलं, म्हणजे माझं जेवण थांबलं. वहिनींनी भडंगाची ताटली पुढं केली. ती घेऊनच मी चौकात आलो.

वायरमन पेटीसमोर उभा होता. सहा वर्षांच्या रंगानं दारांचा सांधा पार बुजला होता आणि तो सांधा नेमका डाव्या कानावरून जात होता. त्यानं स्क्रू ड्रायव्हर काढताच तालमीतली पोरं आडवी आली. "वस्तादांच्या तोंडाला हात लावायचा न्हाय!" सगळी पेठ विजेवाचून खोळंबली होती आणि सगळी पेठच पेटी उघडू देत नव्हती. मी कला वगैरे बोलणार होतो, पण पोटात कावळे ओरडत होते.

करीमभाई पुटपुटले, "खपली निघाली तर संपलं. हात कापतोय माझा. पुन्यांदा वस्ताद जमायचं न्हाईत."

तेवढ्यात गिरणीतून डबा घेऊन वस्तादांच्या पत्नी, सगळ्या पेठेच्या काकी, आल्या. "उघडा की! जित्तेपनी त्यांनी कुनाचं दळान अडवलं न्हाय. आता अडवतील व्हय?"

करीमभाईंनी स्वतः ब्लेड घेतलं. फेट्यापासून खाली चीर देत आले, आणि कानाशी हात हललाच. टपकन एक खपली पडली. फ्यूज बसवायला वायरमनला दोन मिनिटं लागली. दारं पुन्हा मिटली, तेव्हा गोऱ्यापान कानाच्या जागी जुन्या रंगाचा काळपट, वेडावाकडा गोळा उरला होता. करीमभाईंनी मान खाली घातली.

काकी पेटीजवळ गेल्या. पदरानं कानावरचा रंगाचा चुरा पुसला.

"करीमभाऊ, आता आमचं मालक दिसत्यात," त्या म्हणाल्या. "ह्याला रंग लावू नगासा."

पुण्यात परतलो तो गुळाशिवाय. शेजाऱ्यांनी विचारलं, काय पाहिलंत? मी कानाची हकीकत सांगितली. "म्हणजे चित्र बिघडलं म्हणा की," ते म्हणाले आणि गूळ का आणला नाही ते विचारू लागले.

आमच्या भिंतीवर वडिलांचा स्टुडिओतला फोटो आहे. त्यांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण आम्हीच फोटोग्राफरला पुसायला सांगितले होते. शेजारी गेल्यावर मी त्या फोटोसमोर उभा राहिलो. फोटो फार छान आहे. माणूस ओळखीचा वाटत नाही.