डोलकाठीच्या तारा

आमच्या घराण्यात समुद्र कुणाच्याच वाट्याला आलेला नाही. मूळ गाव नागपूरकडचं, नोकऱ्या भोपाळच्या. तरीही बाबांकडे शिडाची होडी आहे. कारखान्यात असताना ते मोठ्या तलावावर शीड हाकायला शिकले आणि निवृत्त होताना कुणाचीशी जुनी लाकडी होडी, घरी न विचारता, घेऊन मोकळे झाले.

या दिवाळीनंतर बाबा कायमचे ताईकडे पुण्याला जाणार होते. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, आणि आनंद नगरमधलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. त्याबद्दल त्यांनी काहीच कुरकुर केली नाही. एवढंच म्हणाले, "जायच्या आधी तलावावर एक चक्कर झाली असती तर बरं होतं."

होडी तीन वर्षं तलावावरच्या बोट क्लबच्या आवारात पडून होती आणि तिची डोलकाठी बुडाशी कुजली होती. मी म्हटलं, करतो. माझी सगळी नोकरी मशिनं बसवण्यात गेली. एक काठी उभी करायला असं कितीसं लागणार? असं मला नेहमीच वाटतं.

काठी टेम्पोवरून घरी आणली. अठरा फुटांची. जिन्यात वळेना, म्हणून पार्किंगमध्येच दोन स्टुलांवर आडवी ठेवली. समोरच्या भाभीजींनी बायकोला विचारलं, यंदा गुढी एवढी मोठी का? बायकोने त्यांना हिंदीत शांतपणे सांगितलं की यंदा वर तांब्याऐवजी यांनाच उलटं घालायचा विचार आहे.

मी खरवडायला बसलो आणि मला नादच लागला. वरचं सगळं लाकूड खणखणीत, मग नेमकं बूडच का कुजावं? बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी वरूनच सांगितलं की होडीत काठी ज्या खोबणीत बसते, तिला पाणी जायला भोक आहे, ते बघून ये. मी क्लबात जाऊन बघितलं. भोक होतं, पण त्यात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं. म्हणजे तीन पावसाळे पाणी काठीवरून ओघळून खोबणीत साचत राहिलं आणि एवढी मोठी काठी एका माशीने खाली आणली. हे मी त्या आठवड्यात ऑफिसमध्ये इतक्यांना सांगितलं, की लोक मला पाहून जिना बदलू लागले.

नेहरू नगरच्या सुताराने कुजका भाग कापून नवा तुकडा जोडला. सांधा त्याने चांगला दोन हात लांब आणि तिरका घेतला. का, असं विचारल्यावर त्याने आधी दोन बोटांची टोकं एकमेकांना लावून दाखवली, मग दोन्ही तळवे एकमेकांवर दाबले. मला लगेच पटलं. वार्निशचे चार हात मात्र मी स्वतः दिले. त्यातला एक शर्टावर.

मग आल्या तारा. काठीला धरून ठेवणाऱ्या तीन तारा, एक पुढे, दोन बाजूंना. जुन्या गंजल्या होत्या, नव्या आणल्या. क्लबात नेऊन काठी होडीत उभी केली, ओळंबा लावला आणि पाना घेऊन तारांचे स्क्रू पिळत गेलो. कारखान्यात आमचं काम केसभर हललं तरी परत करायला लावतात. मी काठी केसभरही हलणार नाही अशी करून टाकली. क्लबचा नावाडी काहीतरी बोलायला जवळ आला होता. माझा चेहरा बघून परत गेला.

रविवारी बाबांना धक्क्यावर नेलं. सोमवारी ताई त्यांना न्यायला येणार होती. होडी पाण्यात, काठी ताठ, मी त्याहून ताठ. बाबांनी वाकून बाजूची तार बोटाने छेडली. ती चक्क वाजली.

"ही होडी आहे की तंबोरा?" ते म्हणाले.

तेवढ्यात नावाड्याने खाली बोट दाखवलं. तळाच्या फळ्यांमधून पाणी आत येत होतं. बाबांनी समजावलं, तारा वर ओढतात, काठी खाली दाबते आणि मधल्या मधे म्हातारी होडी उकलते. मला वाटलं, झालं, संपली चक्कर. पण त्यांनी लाइफ जॅकेट मागितलं, नावाड्याच्या आणि माझ्या खांद्यांवर भार टाकून आत उतरले आणि पाना स्वतःच्या हातात घेतला. एकेक तार सैल केली. पाणी कमी झालं, थांबलं नाही. त्यांनी मला बादलीतला मग दाखवला.

निघालो. शिडात वारा भरला तशी काठी एका अंगाला झुकली आणि त्याच अंगाची तार लोंबायला लागली. माझा हात आपोआप पान्याकडे गेला.

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले. "डोलायचं नसतं तर तिला खांब म्हटलं असतं."

शाळेपासून डोलकाठी हा शब्द ऐकत आलो. त्यातली फक्त काठीच ऐकली होती.

अर्धा तास ते सुकाणू धरून बसले होते. त्यांचा चेहरा कसा होता, ते मला सांगता येणार नाही. मी पूर्ण वेळ खाली मान घालून मगाने पाणी उपसत होतो.

धक्क्यावर उतरल्यावर विचारलं, "कशी झाली चक्कर?"

त्यांनी जॅकेटची गाठ सोडायला माझ्याकडे पाठ केली. "पाणी चांगलं काढतोस तू," ते म्हणाले.