पहिला भाग गादीच्या दुकानात

माझ्या पॉडकास्टचा पहिला भाग रेकॉर्ड करायला शांत जागा हवी होती, आणि आमच्या घरासमोर पिठाची गिरणी आहे. मुखेडच्या बाजारातल्या एका गादीवाल्या चाचांनी ओळखदेख नसताना कापूस पिंजायचं मशीन बंद केलं आणि मला गाद्यांच्या दोन थप्प्यांमध्ये बसवलं. "कापूस आवाज खातो," ते म्हणाले.

मी लिहून आणलेलं वाचलं. चाचा दाढीत अडकलेला कापूस वेचत ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "आवाज बरा हाय. पण तुमी कुणासंगं बोलून राहिले?"

मी कागद खिशात घातला आणि माझी आई पन्नाशीत सायकल कशी शिकली, ते सगळं पुन्हा त्यांच्याकडे बघून सांगितलं.

तिथंच बसून तो भाग मी माझ्या वेबसाइटवर टाकला आणि पहिल्यांदा त्यांनाच ऐकायला दिला. चाचांनी कुणाचा फोन आल्यासारखा मोबाइल कानाला लावला. मधूनमधून "हाव, हाव" म्हणत राहिले. भाग संपला तसे मोबाइलमध्येच म्हणाले, "अम्मीला सलाम सांगा."

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो.