डाव्या बरगडीतलं पाणी आणि तिसरा सामना

डॉक्टरांनी ह्यांना उघड्या अंगाने खाटेवर बसवलं होतं. पाठीवर एका हाताचं बोट टेकवायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकायचं, असं करत ते वरून खाली येत होते. वर आवाज मोकळा होता. डाव्या बाजूला बरगड्यांच्या मध्यावर आल्यावर तो एकदम मठ्ठ झाला. मी श्रीवर्धनच्या वाडीतली बाई, नारळ ठोकून आत काय आहे ते सांगण्यात माझा जन्म गेलेला. डॉक्टर बोलायच्या आतच मी म्हणून गेले, "पाणी आहे."

डॉक्टर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, बाईंनी रोग ओळखलाय, आता मी फक्त नाव सांगतो. नाव होतं प्लुरसी विथ इफ्यूजन.

ज्यांच्या घरी हे दुखणं येईल त्यांच्यासाठी समजावून सांगते. फुफ्फुसाभोवती दोन पदरी पातळ आवरण असतं. त्याला सूज आली की प्लुरसी. त्या दोन पदरांच्या मध्ये पाणी साचलं की इफ्यूजन. फुफ्फुस पाण्याखाली दबतं, पुरतं फुगत नाही, आणि माणसाला दम पुरत नाही.

हे ऐकून आमचे हे, जे इतका वेळ मान खाली घालून बसले होते, पहिल्यांदा बोलले. "तिसरा सामना पुढच्या महिन्यात आहे."

आता ह्या सामन्यांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तेव्हा संस्थानं होती. आम्ही श्रीवर्धनकर एका संस्थानाचे, पालीकडचे लोक दुसऱ्याचे. मधे डोंगर नि खाडी, आणि दोघांच्या मनात हुतूतू. दर हिवाळ्यात दोन्ही संस्थानांचे निवडक गडी तीन सामने खेळायचे. पहिला आमच्याकडे, दुसरा त्यांच्याकडे. तिसऱ्याची वेळ आली तर तो इंग्रजांच्या हद्दीत, अलिबागच्या पुळणीवर, कारण दोघांचाही एकमेकांच्या पंचांवर काडीचा विश्वास नव्हता. लागोपाठ काही वर्षं चषक त्यांच्याकडेच होता. आमच्या गावात ह्या एका गोष्टीवर कोळी, बागाईतदार, मुसलमान सगळे एक होते. एरवी विहिरीच्या पाण्यावरूनही त्यांचं पटत नसे.

आमचे हे सुपारी काढणारे. एका पोफळीवर चढले की खाली न उतरता झोका घेऊन दुसरीवर, तिथून तिसरीवर. छाती भात्यासारखी. चढाईला गेले की हुतूतू हुतूतू असं सुरू व्हायचं ते समोरच्यांना कंटाळा येईपर्यंत संपायचं नाही. पहिला सामना ह्यांच्या दमावरच आम्ही जिंकला.

त्यानंतर डाव्या कुशीत दुखायला लागलं. कुणीतरी पकडीत गुडघा घातला असेल, चमक भरली असेल, असं सगळ्यांचं मत पडलं. सासूबाईंनी मिठाच्या पुरचुंडीने शेकलं, शेजारच्यांनी तेल चोळलं, मी लेप लावला. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, तेही शेकल्यामुळे असेल अशी आमची समजूत. हे स्वतः काही बोलत नव्हते, कारण दुसरा सामना तोंडावर होता. माझं ऐका. खोल श्वास घेताना टोचतं आणि रोज संध्याकाळी कणकण येते, अशी चमक नसते. तेलाची बाटली ठेवून द्या आणि डॉक्टर गाठा.

पालीला दुसऱ्या सामन्यात भर पटांगणात ह्यांचा दम तुटला. पालीचे लोक आधी आनंदाने ओरडले आणि मग, हे उठत नाहीत असं बघून, त्यांनीच पाणी आणलं. सामना गेला. त्यांच्यापैकीच एकाने लॉरी मिळवून ह्यांना अलिबागेला पाठवलं. तार मिळाल्यावर मी आगबोटीने रेवदंड्याला उतरले आणि तिथून टांग्याने आले, ती थेट त्या ठोकाठोकीत.

समुद्राजवळचं लहानसं इस्पितळ होतं, एक पुरुषांची खोली, एक बायकांची. दुसऱ्या दिवशी पाणी काढायचं ठरलं. ह्याला अ‍ॅस्पिरेशन म्हणतात. बरगड्यांच्या मधून जाड सुई घालून पाणी ओढून घेतात. जो माणूस चार गड्यांना ओढत रेघेपर्यंत यायचा, तो सुई बघून पांढराफटक पडला आणि नर्सबाईंच्या खांद्यावर कलंडला. नर्सबाई हाडकुळ्या, पण खमक्या. त्यांनी एका हाताने ह्यांना धरलं आणि दुसऱ्या हाताने डॉक्टरांना बाटली दिली. पाणी निघालं ते फिक्या चहासारखं. बाटली भरत आली तशी ह्यांच्या तोंडावर रंग आला आणि ते म्हणाले, भूक लागली.

मला वाटलं, सुटलो. पण डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. असं पाणी पुष्कळदा क्षयाची पहिली खूण असते, ते म्हणाले. थुंकी तपासायला पाठवू. जंतू सापडले तर क्षयच, नाही सापडले तरी पुढचे काही महिने पूर्ण विश्रांती. दूध, अंडी, मासळी, कॉड लिव्हर ऑइल. धावणं नाही, चढणं नाही. आत्ता छातीवर ताण दिला तर पाणी परत भरेल, आणि मग मी काही सांगू शकत नाही.

क्षय हा शब्द तेव्हा घरात मोठ्याने उच्चारत नसत. माझी थोरली जाऊ त्यातच गेली होती. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि खूप घाबरले. आत हे नर्सबाईंना हुतूतूचे नियम समजावून सांगत होते, ते मला ऐकू येत होतं, आणि त्यामुळे आणखीच रडू येत होतं.

त्या बाकाची नि माझी पुढे चांगली ओळख झाली. तपासणीचा कागद मुंबईहून यायचा होता. बाकावर एक म्हातारे भंडारी मामा बसायचे, त्यांच्या मुलाचा पाय मोडला होता. ते रोज मला सांगायचे की वाईट बातमी टपालाने येत नाही, ती पायी येते. ह्यात काय अर्थ होता देव जाणे, पण मला धीर यायचा. कागद आला. जंतू नव्हते. डॉक्टर म्हणाले, बरं झालं, पण हा शेवटचा निकाल समजू नका, विश्रांती तेवढीच.

आणि मग दाऊद आला.

दाऊद आमच्या संघाचा कप्तान. बाणकोटपासून मुंबईपर्यंत त्याच्या घरचं गलबत चालायचं. ह्यांचा लहानपणापासूनचा दोस्त, सासूबाईंच्या हातचं सुकट खाऊन वाढलेला. त्याने खजुराची टोपली ह्यांच्या खाटेवर ठेवली आणि मला बाजूला घेतलं. कंपाउंडरकडून त्याने भलतीच खबर काढली होती.

"वहिनी, ह्यो डॉक्टर पालीचा हाय."

मी म्हटलं, असेना का.

"असेना का कसं? आपला गडी उताणा पाडून ठेवलाय त्यानं. ताप न्हाय, पाणी न्हाय, जंतू न्हाय, मग खाटेवर कशाला? सामना होईस्तवर!"

गावात बैठक बसली होती म्हणे. ठरलं होतं की सामन्याच्या दिवशी ह्यांना इस्पितळातून उचलून पुळणीवर न्यायचं. दोनच चढाया करायला लावायच्या, मग परत आणून निजवायचं. गावच्या वैद्यांनीही नाडी न बघता संमती दिली होती. आणि आमचे हे खाटेवरून सगळं ऐकत होते, डोळ्यांत दिवाळी.

खरं सांगते, माझ्याही मनात किडा शिरला. ताप गेला होता, खाणं वाढलं होतं, गालावर मांस आलं होतं. कोण जाणे, दाऊदचं खरंही असेल. सामन्यांच्या बाबतीत आमच्याकडची देवमाणसंसुद्धा लबाडी करायची, मग पालीची का करणार नाहीत? दोन दिवस मी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे चोरासारखी बघत होते. शेवटी राहवेना. सकाळची फेरी संपवून ते हात धुत होते, तिथे जाऊन सरळ विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूचे?

डॉक्टरांनी हात पुसले. चिडले नाहीत. म्हणाले, "मी पालीचा. दहा वर्षं चुकवला नाही एक सामना. तुमच्या यजमानांना हरलेलं बघायची माझी फार इच्छा आहे, बाई. पण मैदानात. खाटेवर नाही."

मग त्यांनी मला ह्यांच्या खाटेजवळ नेऊन तपासायची नळी माझ्या कानात घातली आणि ह्यांच्या पाठीवर ठेवली. उजवीकडे वारा वाहिल्यासारखा आवाज येत होता. डावीकडे खाली तोच आवाज लांबून, दार लावल्यासारखा. हे दार उघडलं की मी सांगेन, डॉक्टर म्हणाले. दुपारी दाऊद आला तेव्हा मी त्याला सांगितलं, गडी मिळायचा नाही. तो खूप बोलला. ह्यांनी तर माझ्याशी बोलणंच टाकलं. पण मी हलले नाही. सामना दर वर्षी येतो, नवरा एकदाच मिळतो.

दार उघडण्यासाठी डॉक्टरांकडे एक गंमत होती. दोन बाटल्या, मधे नळ्या. एका बाटलीत रंगीत पाणी. फुंकर मारून ते पाणी दुसरीत घालायचं. असं केलं की दबलेलं फुफ्फुस हळूहळू फुगतं. ह्यांना पहिल्या दिवशी दोन बोटंसुद्धा पाणी हलवता येईना, तेव्हा ते माझ्यावरचा रुसवा विसरले आणि बाटलीवर रागावले. मग डॉक्टर म्हणाले, ह्यासोबत एका श्वासात जमेल तितकं हळू आवाजात हुतूतू म्हणा, बसल्या जागी. औषध म्हणून. झालं, सगळ्या खोलीला चाळा लागला. मोडक्या पायाचा मुलगा, हर्नियाचे शेटजी, मामा, सगळे सकाळी दूध पिऊन हुतूतू करायचे. शेटजी टाके दुखतात म्हणून पोट धरून म्हणायचे. बायकांच्या खोलीतून तक्रार आली की पहाटे पोरं दचकतात. आमचे हे मात्र सगळ्यांत आधी थांबायचे, आणि चेहरा उतरायचा.

सामन्याच्या दिवशी डॉक्टरांनी वेताच्या खुर्चीतून ह्यांना पुळणीवर न्यायची परवानगी दिली. उठायचं नाही, ओरडायचं नाही. आणि नजर ठेवायला स्वतः शेजारी बसले. म्हणजे ह्यांच्या उजव्या हाताला पाली, डाव्या हाताला मी.

ओहोटीची ओली वाळू, दोन्हीकडची माणसं, दोन्हीकडचे ताशे. सामना असा अटीतटीचा मी पुन्हा बघितला नाही. आम्ही एक गडी मारायचो, ते एक मारायचे. सूर्य टेकायला आला तेव्हा गुण सारखे होते आणि शेवटची चढाई आमची. दाऊद गेला.

त्याच्याबरोबर माझ्या शेजारी पुटपुटणं सुरू झालं. हुतूतू हुतूतू. ह्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळलेले, डोळे दाऊदवर. दाऊदने कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला आणि वळला, तोच दोघांनी त्याचे पाय धरले. तो वाळूत पडला, सरपटत रेघेकडे येऊ लागला, एक हात पुढे करून. रेघेपासून वीतभर अंतरावर त्याचा आवाज चिरका झाला आणि थांबला. पंचांनी हात वर केला.

पालीचे ताशे कडाडले. टोप्या उडाल्या. आमच्याकडची माणसं मटकन वाळूत बसली. मी डॉक्टरांकडे बघितलं, की आता हा माणूस उड्या मारणार. पण त्यांनी मैदानाकडे पाठ केली होती. ते ह्यांच्या तोंडाकडे वाकून बघत होते, आणि त्यांचं बोट मला गप्प राहायला सांगत होतं.

"थांबा," ते म्हणाले. "ह्यांचं अजून चालू आहे."

चालूच होतं. हुतूतू हुतूतू, बारीक आवाजात, न तुटता, दाऊद पडला तरी, ताशे वाजले तरी. ह्यांना स्वतःला पत्ता नव्हता. डॉक्टरांनी सदऱ्यावरूनच कान पाठीला लावला, डावीकडे, खाली. त्यांच्या गावाने चषक उचलला तेव्हा ते तसेच वाकलेले होते.

मग ह्यांचा श्वास संपला. खोकला आला नाही. ते म्हणाले, हरलो. डॉक्टर सरळ झाले, माझ्याकडे बघून त्यांनी, दार उघडलं, अशी मान डोलावली आणि मला जे रडू फुटलं ते काही केल्या आवरेना. त्या माणसाचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार आहे?

आमच्या बाजूला सगळेच रडत होते, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. दाऊद लंगडत आला, केसांत वाळू, ओठ फुटलेला. माझे डोळे बघून बिचारा स्वतःचं दुःख विसरला आणि माझी समजूत घालू लागला.

"रडू नका, वहिनी. पुढल्या साली घेऊ."

"घेऊ की," मी म्हटलं. "गडी तयार आहे."