मेंढीच्या घोट्याची पाच हाडं

नागपूरच्या शाळेत मी आठ वर्षं इतिहास शिकवला. मग नवऱ्याला अमेरिकेत सनीव्हेलला नोकरी लागली आणि मी त्याच्या व्हिसाला जोडलेली बायको झाले. नोकरी करायची परवानगी नाही. पार्टीत कुणी "आणि तू काय करतेस?" विचारलं की मी रागाने समोशाचा मोठा घास घ्यायची.

जवळच्या लहानशा म्युझियमला ग्रीक-रोमन दालनासाठी बिनपगारी गाइड हवेत असं कळलं, तेव्हा मी हट्टालाच पेटले. मला पुन्हा मुलांसमोर उभं राहायचं होतं, बस. ट्रेनिंगनंतर चाचणी होती. शाळेच्या खऱ्याखुऱ्या मुलांना दालन दाखवायचं, आणि लॅटिन शिकवून रिटायर झालेल्या एक बाई मागे उभ्या राहून ऐकणार. नापास झालं की विषय संपला.

मी तयारी केली ती आपल्या पद्धतीने. पंधरा पानांचं भाषण लिहिलं आणि वक्तृत्व स्पर्धेसारखं घोकून पाठ केलं, हातवाऱ्यांसकट. नवरा म्हणाला, "अगं, ही टूर आहे यार, स्पीच नाही. मधेच कुणी क्वेश्चन विचारला तर?"

"मला शिकवू नकोस," मी म्हणाले.

चौथीची वीस मुलं आली आणि मी सुसाट सुटले. तिसऱ्या कपाटापाशी दातांना तारा लावलेल्या एका मुलीने प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं, आणि पुढचं वाक्य गायब. पाठांतराची गोमच ही, की मधे तुटलं की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मी चक्क पुन्हा "वेलकम, एव्हरीवन" म्हणाले. मुलं खिदळली. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. रडूच यायचं बाकी होतं.

ती मुलगी मात्र कपाटाला चिकटूनच होती. आत मातीची एक ग्रीक बाई उकिडवी बसली होती, आणि शेजारी मेंढीच्या घोट्याची पाच हाडं. हा मुलींचा खेळ, असं पाटीवर लिहिलं होतं. "बट हाउ डू यू प्ले इट?" तिने विचारलं.

माझ्या पंधरा पानांत हाडांचं वय होतं, ती सापडली ती जागा होती, खेळ कसा खेळायचा ते नव्हतं. मी त्या मातीच्या बाईकडे पाहिलं. तिचा पुढे केलेला हात पाहिला. अहो, हे तर सागरगोटे!

मुलांना हाताळायला ठेवलेली पाच नकली हाडं मी उचलली आणि सरळ फरशीवर बसकण मारली. पाचही वर उडवली, हात उलटा केला आणि पालथ्या पंजावर झेलली. एक पडलं. पुन्हा उडवली. पाचही हातावर!

मुलांनी आरडाओरडा केला आणि सगळी भोवती बसली. मग मी बोलत सुटले, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, मनाला येईल तसं. ग्रीक मुली कशा खेळायच्या, आमच्याकडे हाडांऐवजी काटेरी वेलीच्या टणक बिया कशा वापरतात. प्रश्नांचा पाऊस पडला आणि एकाही प्रश्नाने मी अडखळले नाही. इतका आनंद मला या देशात आल्यापासून झाला नव्हता.

मुलं गेल्यावर बाई आल्या आणि गुडघे धरत माझ्यासमोर फरशीवर बसल्या. शनिवारचा पहिला ग्रुप माझा, असं त्यांनी सांगितलं. या खेळाबद्दल त्यांनी वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं होतं, पण खेळून कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी हाडं उडवली. चार खाली पडली.

"अगेन," मी म्हणाले, अगदी माझ्या वर्गातल्या आवाजात. आणि बाईंनी निमूटपणे पुन्हा हाडं गोळा केली.