साडूंची पिशवी

समोरच्या माणसाचा विकास केल्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, असा इसम अख्ख्या पृथ्वीतलावर एकच असावा आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मुंबईत एका परदेशी कंपनीत फार मोठे साहेब होते. ही कंपनी बायकांनी खांद्याला अडकवायच्या चामडी बॅगा विकायची. एवढ्या महागड्या बॅगेत बायका ठेवतात तरी काय, असं मी एकदा भाबडेपणानं विचारलं, तर साडू माझ्याकडे दयेनं बघून म्हणाले, "त्यात काही ठेवायचं नसतं हो. ती दिसायची असते." बॅगांशी त्यांचा स्वतःचा संबंध मात्र नव्हता. माणसांतले दडलेले गुण हुडकायचे, कंपनीत सगळ्या प्रकारची माणसं दिसतात ना ते बघायचं आणि उरलेल्या वेळात समाजाचं भलं करायचं, एवढंच त्यांचं काम. या कामाला पगार मिळतो हे आमच्या सासऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

सोलापूरला आले की ते आमच्याकडेच, शुक्रवार पेठेत उतरत. जेवायला बसले की त्यांच्यातला साहेब जागा व्हायचा. आधी कौतुक, मग सूचना, मग पुन्हा कौतुक, अशी कंपनीची रीत होती. "भाकरीचा गोलपणा उत्तम. शेंगाचटणीत तिखटाच्या बाबतीत सुधारणेला वाव आहे. पण एकूण तुझा उत्साह मला फार आवडला," असं ते माझ्या बायकोला सांगत आणि ती उलथणं हातात धरून त्यांच्याकडे नुसती बघत राही. एकदा स्टेशनला जाताना त्यांनी रिक्षावाल्याला, तुझ्यात नेतृत्वाचे गुण आहेत, असं सांगून चौकातच रिक्षा थांबवायला लावली. तो बिचारा म्हणाला, "साब, वो बाद में देखते, पैले टेसन को जाते." गाडी चुकली ती चुकलीच. आमच्या बोळातल्या नळावर मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी अशा चार भाषांतून रंगलेलं भांडण पाहून तर त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याचं चित्रण करून त्यांनी मुंबईच्या ऑफिसात आदर्श म्हणून दाखवलं. पुढच्या खेपेला नळाला भरपूर पाणी होतं, भांडण नव्हतं, तेव्हा ते दिवसभर हिरमुसून बसले.

तर या कंपनीला एखाद्या गावाचं भलं करायची लहर आली आणि साडूंनी आपली सासुरवाडी, म्हणजे आमचं सोलापूर, सुचवलं. पेठेतल्याच एका बंद शाळेच्या हॉलमध्ये बायकांसाठी चामड्याच्या शिलाईचा वर्ग निघाला. परदेशातल्या बड्या बाईंनी येऊन पसंती दिली की इथंच कायमचा कारखाना आणि सगळ्यांना नोकऱ्या, असं ठरलं होतं. त्या भरवशावर करकंबहून लग्न होऊन पेठेत आलेल्या नंदानं नवी पेठेतल्या साडीच्या दुकानातलं फॉल-पिकोचं काम सोडलं. पहिल्याच दिवशी साडूंनी तिला त्यांचा लाडका प्रश्न विचारला, "पाच वर्षांनी तू स्वतःला कुठं बघतेस?" नंदा म्हणाली, "हितंच की सायेब. मशीन हितं हाय म्हनल्यावर मी कुटं जाऊ?" साडूंना हे उत्तर खुजं वाटलं. त्यांनी तिला मोठी स्वप्नं बघायला सांगितलं. पुढाकार घ्या, कुणी सांगायची वाट बघू नका, कंपनी आपली माना, हे पालुपद मग वर्षभर त्या हॉलमध्ये घुमत राहिलं. साहेब नुसतं बोलत असतात, ते मनावर घ्यायचं नसतं, हे त्या बायकांना कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी बड्या बाई आल्या. सोबत मुंबईचे वकीलसाहेब आणि फोटो काढणारे. घरचा माणूस म्हणून मीही मागं उभा होतो. समोरच्या रांगेत कोणत्या भाषेची बाई कुठं बसेल हे साडूंनी आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं, पण बायका आपापल्या मैत्रिणीशेजारी जाऊन बसल्या. आपल्या रीतीप्रमाणे पाहुणीला टॉवेल आणि नारळ देऊन सत्कार झाला. आणि मग नंदानं कागदात गुंडाळलेली एक वस्तू पुढं आणली. साडूंनी वर्गात दाखवलेल्या फोटोवरून तिनं कंपनीची सगळ्यात महागडी बॅग हुबेहूब शिवली होती, वर कंपनीचं चिन्हसुद्धा जरीच्या दोऱ्यानं भरलं होतं. बाई हरखल्या. त्यांनी ती स्वतःच्या बॅगेशेजारी खांद्याला अडकवली आणि फोटोसाठी उभ्या राहिल्या. वकीलसाहेबांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला, कारण ही कंपनी देवाला भीत नसेल, पण नकली मालाला भिते. हा गुन्हा आहे, असं ते ओरडले. नंदाला काही कळेना. "गुन्हा कसला वो? सायेबच म्हनलं व्हतं की, कंपनी आपली माना. मानली की मग!"

नकली माल सापडला की तो जागच्या जागी कापायचा, असा नियम निघाला. वकीलसाहेबांनी टेबलावरची कात्री उचलून साडूंच्या हातात दिली. आता हे नियमांवर भाषण ठोकणार, अशी माझी खात्री होती. साडूंनी कात्री खाली ठेवली आणि मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेलं, एक साधं, आखूड वाक्य ते बोलले. "ही बॅग मी शिवायला सांगितली होती." ही धडधडीत थाप होती आणि हॉलमधल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. मला त्या क्षणी या माणसाचा साडू असल्याचा अभिमान वाटला, आणि तो मी इथं कबूल करतो. नंदा पुढं झाली. "त्ये चिन्नच नडतंय न्हवं? काडते की," म्हणत तिनं ब्लेडनं जरीचा एकेक टाका उसवला. चिन्ह गेल्यावर नकली काय उरलं, ते वकीलसाहेबांनाही सांगता येईना. बाई टॉवेल आणि नारळ घेऊन गेल्या आणि बॅग तिथंच राहिली.

वर्ग बंद झाला. कंपनीच्या त्या वर्षीच्या अहवालात मात्र सोलापूरच्या हसऱ्या बायकांचा पानभर फोटो आला. साडूंना नव्या संधी शोधण्यासाठी मोकळं करण्यात आलं. ही भाषा त्यांनीच कंपनीला शिकवली होती. नंदाला परत कामावर घ्यायला दुकानदार खळखळ करू लागला, तेव्हा साडू खास मुंबईहून येऊन नवी पेठेत त्याच्या गादीवर दुपारभर ठाण मांडून बसले आणि तिला काम मिळवून दिलं. त्या दिवशी नंदानं ती बॅग त्यांनाच देऊन टाकली.

परवा ते पुन्हा आले. खांद्याला तीच बॅग. चिन्हाच्या जागी सुईची बारीक भोकं, आणि आत मंडईतून आणलेली मेथीची जुडी आणि वांगी. जेवायला बसले, गुमान जेवले आणि "छान झालंय" एवढंच म्हणाले. बायको वाट बघत उभी राहिली, मग मला स्वयंपाकघरात बोलावून माझ्या कानाशी लागली. "अहो, दाजी काही बोललेच नाहीत. चटणी मी मुद्दाम तिखटजाळ केली होती." इतकी वर्षं ज्या सूचनांना आम्ही कंटाळलो होतो, त्यांच्यावाचून घर सुनं झालं होतं. मला राहवेना. बाहेर येऊन मी विचारलं, "साडूभाऊ, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

त्यांनी ताटातून मान वर केली. दाराला अडकवलेल्या त्या बॅगेकडे एकदा बघितलं.

"हितंच की," ते म्हणाले. आणि मग हळूच, "पण चटणीत सुधारणेला वाव आहे."

बायकोनं न विचारता त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.