व्हॉल्व्हची जुनी जोडी

हे मी लिहावं का, याची मला अजून खात्री नाही. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांना विचारलेलं नाही, आणि आवाजातलं मला जे थोडंफार कळतं तेही त्यांनीच शिकवलेलं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

साठ सालानंतरची गोष्ट. कोरीटहून मी कॉलेजसाठी नंदुरबारला आलो. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्गात तोंड उघडलं तर अहिराणी बाहेर पडेल, या भीतीने मी गप्प बसायचो. मिरचीबाजाराच्या मागे एका लाऊडस्पीकरवाल्याच्या दुकानाला लागून मला खोली मिळाली. लोक त्यांना मिस्तरी म्हणत, मी काका म्हणायचो. कित्येक दिवस असे जात, की काकांशिवाय मी कुणाशी एक शब्दही बोललेलो नसे.

लग्नाकार्यांत त्यांचा अँप्लिफायर जाई. त्यातले काचेचे व्हॉल्व्ह तापून तांबूस उजळले की आवाज सुरू होई. काकांकडे व्हॉल्व्हच्या दोन जोड्या होत्या. एक जुनी, लष्कराच्या भंगारातली. दुसरी नवी, मुंबईहून मागवलेली. रविवारी दुपारी ते दोन्हींची पारख करत. कर्ण्यातून सगळेच आवाज सारखे येतात, म्हणून लाकडी पेटीतला स्पीकर जोडत. तीच तबकडी, तीच ओळ. मग बटण बंद करून, गरम व्हॉल्व्ह फडक्याने धरून काढायचे, दुसरे बसवायचे आणि ते तापेपर्यंत पहिला आवाज कानात धरून ठेवायचा. हे एकट्याचं काम नाही, असं काका म्हणत आणि मला हाक मारत. मी त्या हाकेची आठवडाभर वाट पाहायचो.

"कोनता गोड शे?"

"तुमले कोनता वाटस, काका?"

"मी तुले इचारी ऱ्हायनू. कॉलेजमा तोंडले कुलूप लावतस का?"

मी नुसता हसायचो. शेवटी तेच म्हणत, "मले त जुनाच गोड लागस."

"मले बी."

ते खरं नव्हतं. जुन्या जोडीचा आवाज भरीव होता, पण गाणाऱ्या बाईने वरचा सूर लावला की त्याच्याखाली चुरचुर ऐकू येई, तापल्या तेलात मोहरी पडावी तशी. नव्या जोडीचा आवाज जरा पातळ, पण स्वच्छ. आमच्या घरी बैल कोणता घ्यायचा, बी कोणतं पेरायचं, हे वडील आधी बोलत आणि आम्ही मान हलवत असू. त्यात काही खोटं आहे असं कधी वाटलंच नव्हतं. शिवाय, नाही म्हटलं तर पुढच्या रविवारी हाक येणार नाही, ही भीती होतीच.

अशाच एका दुपारी काकू चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. "बहिरा व्हयनात का? कवयनी हाका मारी ऱ्हायनी. धुयाले डॉक्टरले कान दाखाडा म्हनी सांगस, त ऐकतस नहीत."

"मन्हा कान शाबूत शेतस," काका म्हणाले. "याले इचार. याले जे ऐकू येस तेच मले ऐकू येस."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. जुनी जोडीच लावलेली होती, तबकडी फिरत होती आणि चुरचुर स्पष्ट येत होती. काकांना ती ऐकूच येत नाही, हे तेव्हा मला कळलं.

"हा, काकू," मी म्हणालो. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

परीक्षा संपवून मी गावी गेलो. घर माणसांनी भरलेलं होतं, पण ही गोष्ट सांगावी असं तिथे कुणी नव्हतं. महिनाभराने एक कार्ड लिहिलं : काका, जुन्या जोडीत चुरचुर आहे. मला पहिल्यापासून ऐकू येत होती. मी खोटं बोललो. डॉक्टरांकडे जा.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. ते काकूंनी शेजारच्या गुरुजींकडून लिहून घेतलं होतं. त्यात लिहिलं होतं : एका लग्नात आवाज पार फाटला. वऱ्हाडी ओरडत होते, तरी यांना काही कळलं नाही. मग धुळ्याला नेलं. कानांत जुना पू होता. डावा कान गेला, उजव्याची खात्री नाही. आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. तुमचं कार्ड गुरुजींनी मोठ्याने वाचून दाखवलं, पण यांना ऐकू गेलं नाही. मग हातात दिलं. यांनी ते दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं.