डोकं कोणाच्या हातात द्यायचं

माझ्या भावोजींचं केस कापायचं दुकान आहे, आणि माणूस ओळखायची त्यांची एकच रीत आहे: डोकं बघायचं. भाडेकरू ठेवायचा असो की दूधवाला बदलायचा असो, आधी केस. भांग वाकडा म्हणजे व्यवहार वाकडा. माझ्या नवऱ्यालाही त्यांनी लग्नाआधी मागून पाहिलं होतं आणि "मान स्वच्छ ठेवतो, द्या होकार," असं आमच्या बाबांना सांगितलं होतं. मी त्यांची एकुलती एक मेहुणी, त्यामुळे तोंडावर बोलायचा मला परवाना आहे आणि तो मी सढळ हातानं वापरते.

तर या माणसाचा हात थरथरायला लागला. कैची धरली की ठीक, वस्तरा धरला की थरथर. झालं असं, की वस्तरा ऐन गळ्यावर असताना एका गिऱ्हाइकाला शिंक आली आणि हनुवटीखाली कापलं. टाके पडले नाहीत. गिऱ्हाईक स्वतः म्हणालं, चूक माझी. पण भावोजींच्या मनानं घेतलं ते घेतलंच. दाढीला कोणी आलं, की "आज वस्तऱ्याला धार नाही" म्हणून परत पाठवायचे. ही थाप किती दिवस खपणार? वस्तऱ्याशिवाय दुकान कसंबसं चाललं असतं, पण भावोजींचं काही खरं नव्हतं. जेवताना गप्प, दुकानात गप्प. आणि केस कापताना गप्प बसणारा माणूस कोणाला आवडतो?

डॉक्टरांनी तपासलं. नसा ठणठणीत निघाल्या. ते म्हणाले, ही भीती आहे, एखाद्या चांगल्या संमोहन उपचार करणाऱ्याकडे जा, पण निवडून जा. 'निवडून' हा शब्द त्यांनी आमच्या भावोजींपुढे काढायला नको होता. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, दुकानात बसून गिऱ्हाइकं थोपवणार, तेव्हा या वरातीबरोबर निघाले मी.

पहिल्याची पाटीच शटरएवढी. 'एका बैठकीत भीतीपासून सुटका, खात्रीनं.' भावोजी खुर्चीत टेकले, त्याच्याकडे एक नजर टाकली आणि चपला घालून थेट बाहेर.

"टोप आहे," जिन्यात म्हणाले. "स्वतःचं डोकं झाकतो, माझं काय उघडणार?"

कारण चुकीचं, पण निर्णय बरोबर. खात्री वाटत सुटणाऱ्याच्या तावडीतून सुटलो म्हणून मीही भराभर जिना उतरले.

दुसरा मात्र देखणा. केस असे कापलेले, की भावोजी दारातच विरघळले. भीती राहिली बाजूला, दोघं कल्ल्यांवर गप्पा मारत बसले. शेवटी मीच मध्ये तोंड घातलं. "तुम्ही हे शिकलात कुठे? असा हात थरथरणारं कोणी आधी आलंय का तुमच्याकडे?"

तो गोड हसला. "हे शिकून येत नाही ताई. देणगी असते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि भावोजी तिकडे पुढची वेळ ठरवतायत. दंडाला धरून उठवलं त्यांना. रस्ताभर आपलं पुटपुटणं चालूच, "मागच्या केसांची उतरण काय सुंदर होती."

"मग त्याचे केस जो कापतो त्याच्याकडे जाऊया उपचाराला," मी म्हटलं. ते फणकाऱ्यानं चार पावलं पुढे चालायला लागले.

तिसऱ्या एक बाई. शाळेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, दारात मुलांच्या सायकली. बाई समोर आल्या आणि भावोजी उंबऱ्यातच थबकले. कपाळावरचे केस एकीकडे आखूड, दुसरीकडे लांब, उंदरानं कुरतडल्यासारखे.

"चल," ते हळूच म्हणाले.

मी दार अडवून उभी राहिले. "बसा गुमान."

बाई सरळ कामाचंच बोलल्या. "तुम्ही बेशुद्ध होणार नाही. सगळं ऐकू येईल. नको वाटलं की डोळे उघडायचे आणि उठायचं. या तुमच्याजवळच बसतील. किती वेळा यावं लागेल ते आज सांगता येत नाही, आणि मला जमत नाहीये असं दिसलं तर मीच सांगेन." कुठे शिकल्या, किती वर्षं करतायत, तेही मी विचारायच्या आत सांगून मोकळ्या. मला बाई पटल्या. भावोजींची नजर मात्र कपाळावरून हलेना. शेवटी राहवलं नाही.

"हे केस कोणी कापले?"

"मुलीनं. तिला शिकायचंय."

"आणि तुम्ही कापू दिले?"

"कोणाच्या तरी डोक्यावर शिकणारच ना ती. तुमचे कोण कापतं?"

"मीच. दोन आरसे लावून. माझे उस्ताद गेल्यापासून दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही."

"का?"

"चुकलं तर?"

बोलून गेले आणि आपलंच बोलणं ऐकल्यासारखे खाली बघत बसले. परतताना भावोजी एवढंच म्हणाले, "यांच्याकडेच यायचं." केसांबद्दल अवाक्षर नाही.

काही आठवडे भावोजी तिथं जात राहिले. थरथर कमी झाली, पण गेली नाही. मग एका सुट्टीच्या दुपारी त्यांनी स्वयंपाकघरात स्टूल मांडलं, खांद्यावर टॉवेल घेतला आणि कैची ताईपुढे धरली. "काप."

आमची ताई म्हणजे भाडेकरूलाही घाम फोडणारी. तीच दोन पावलं मागे सरकली. "अहो, मला कुठं येतंय?"

"येईल. केसच आहेत, उगवतील."

त्यांनी डोळे मिटले. एवढ्या वर्षांच्या संसारात ताई पहिल्यांदा त्यांच्या केसांना कैची लावत होती. जपून कापत गेली आणि तरी मागे चांगला मोठा खड्डा पाडून थांबली.

"काय झालं?"

"खड्डा पडला," ताई रडवेली झाली.

"मोठा आहे?"

"आहे."

डोळे न उघडता भावोजी म्हणाले, "थांबू नकोस. डावी बाजू राहिलीय."

दुसऱ्या दिवशी तसंच डोकं घेऊन त्यांनी दुकान उघडलं. मीही मुद्दाम गेले. कोपऱ्यावरचा चावीवाला दाढीला आला आणि बघतच राहिला. "हे काय झालं हो?"

"बायकोनं कापले."

फेस लावून झाला. वस्तरा हातात घेतला, तसा हात हलला. आता धारेची सबब येणार, असं मला वाटलं.

"हात अजून थोडा हलतो माझा," भावोजी म्हणाले. "उठायचं असेल तर उठा."

चावीवाल्यानं आरशात त्यांच्या डोक्याकडे नीट पाहून घेतलं. "एवढं होऊनही तिला परत कापू देणार?"

"देणार. पुढच्या महिन्यात."

"मग करा," तो म्हणाला, आणि मान मागे टाकून त्यानं डोळे मिटले. भावोजींनी एक श्वास घेतला आणि वस्तरा त्याच्या गालावर टेकवला.